अडुसष्टाव्या वर्षीच्या मूलपेशी कूर्चा घडवू शकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांचे वय ६८, दोन्ही गुडघे काही वर्षांपासून दुखतात आणि एक्स-रेमध्ये सांध्याच्या आतल्या बाजूचे अंतर कमी झालेले दिसते. एका दवाखान्यात 'कंबरेच्या हाडातून मज्जा काढू, तिच्यातल्या मूलपेशी गुडघ्यात सोडू, म्हणजे नवी गादी तयार होईल' असे सांगण्यात आले. दुसऱ्या डॉक्टरांनी 'या वयात मूलपेशी उरतच नाहीत' असे म्हणून विषय संपवला. या दोघांपैकी कोणाचे खरे मानावे, आणि तुमचे स्वतःचे वय ३९ असल्याने तुम्ही आपल्या मूलपेशी आताच साठवून ठेवाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे.

उत्तराची मर्यादा आधीच सांगतो. मी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नाही. माझे काम प्रयोगशाळेतले आहे. खुबा किंवा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत जी मज्जा एरवी टाकून दिली जाते, ती रुग्णाच्या संमतीने आमच्याकडे येते. तिच्यातील पेशी वेगळ्या करून वाढवणे आणि त्या कूर्चा (म्हणजे हाडांच्या टोकांवरची, तुम्हाला सांगितलेली ती 'गादी') घडवतात की नाही हे तपासणे, यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या गुडघ्यावर कोणता उपचार करावा हे मी सांगू शकत नाही. ते त्यांचा एमआरआय, पायाचा बाक, वजन आणि बाकीचे आजार यांवर ठरेल. पेशींबद्दल मात्र खात्रीने बोलता येईल, आणि माझ्या मते तुम्हाला भेटलेल्या दोन्ही डॉक्टरांचे विधान अर्धवट आहे.

अडचण अशी की 'मूलपेशी कूर्चा घडवतात' या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले असतात. वय झाल्यावर मज्जेत अशा पेशी पुरेशा राहतात का, हा पहिला. राहिलेल्या पेशींमध्ये कूर्चा घडवण्याची क्षमता शिल्लक असते का, हा दुसरा. आणि ती क्षमता असली तरी झिजलेल्या, सुजलेल्या सांध्यात ती प्रत्यक्षात उतरते का, उतरली तरी तयार होणारी कूर्चा टिकाऊ असते का, हा तिसरा. वयाचा परिणाम या तिन्हींवर होतो, पण सारखा होत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर खपवले जाते आणि तिसरा विचारलाच जात नाही.

पहिला प्रश्न तुलनेने सोपा आहे. मज्जेतील बहुतांश पेशी रक्त तयार करणाऱ्या असतात. प्लास्टिकच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या आणि पुढे हाड, चरबी किंवा कूर्चा यांपैकी काहीही होऊ शकणाऱ्या पेशी त्यांच्यात अगदी विरळ असतात. अलेक्झांडर फ्रिडेनश्टाइन यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रशियात त्यांचे वर्णन केले, १९९१ साली अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन यांनी त्यांना 'मेसेंकायमल स्टेम सेल' असे नाव दिले, आणि मज्जेच्या एककेंद्रकी पेशींमध्ये त्यांचे प्रमाण साधारण ०.००१ ते ०.०१ टक्का असते हे १९९९ पर्यंत सर्वमान्य झाले. म्हणजे तरुणपणीसुद्धा दहा हजारांत एखादी. वयानुसार हे प्रमाण घटते, याबद्दल फारसे दुमत नाही. वय वाढते तशी लाल मज्जेची जागा पिवळी, चरबीयुक्त मज्जा घेते, आणि ज्या पूर्वज पेशी हाडाकडे किंवा कूर्चेकडे वळल्या असत्या त्यांतील काही चरबीकडे वळतात.

मात्र ही घट आणि 'पेशी उरतच नाहीत' यांत फार अंतर आहे. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीच्या मज्जेतूनही आम्हाला पेशींच्या वसाहती, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, नियमित मिळतात. कमी मिळतात, दिसायला थोड्या उशिरा लागतात, पण मिळतात. शिवाय नमुना कसा काढला यावर पेशींची संख्या किती अवलंबून असते, हे रुग्णांना क्वचितच सांगितले जाते. सुई कंबरेच्या हाडात घातल्यावर पहिल्या एक-दोन मिलिलिटरमध्ये खरी मज्जा येते. तिथल्या तिथेच पिचकारी ओढत राहिले की पुढे येते ते प्रामुख्याने साधे रक्त, आणि नमुना पातळ होत जातो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे शल्यचिकित्सक सुईची जागा बदलत थोडी थोडी मज्जा घेतात. एकाच जागेवरून भरपूर मज्जा ओढलेल्या पस्तिशीतल्या माणसाच्या नमुन्यापेक्षा नीट काढलेला वृद्धाचा नमुना अधिक समृद्ध निघू शकतो. दवाखान्यात 'आम्ही साठ मिलिलिटर मज्जा काढतो' असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा ती किती ठिकाणांहून काढता, असे विचारायला हरकत नाही.

आता पेशींच्या दमाचा, म्हणजे त्या किती वेळा विभागू शकतात याचा भाग. प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या म्हणजे त्यांनी पुन्हा पुन्हा विभागले पाहिजे. डेन्मार्कमधील एका गटाने २००३ साली तरुण आणि वृद्ध दात्यांच्या मज्जापेशींची तुलना केली, तेव्हा तरुणांच्या पेशी थांबण्यापूर्वी सरासरी ४१ वेळा दुप्पट झाल्या, वृद्धांच्या २४ वेळा. आकडा निम्म्याजवळ आलेला दिसतो, पण त्याचा अर्थ लावताना गणित करून पाहावे : एक हजार पेशींपासून सुमारे ८० लाख पेशी मिळवायला १३ दुपटी पुरतात. तेव्हा केवळ संख्या हवी असेल तर वृद्ध दात्याकडेही कागदोपत्री पुरेशी शिल्लक असते. खरी अडचण अशी की विभाजन पूर्ण थांबण्याच्या कितीतरी आधीच पेशींचा दर्जा उतरू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते उघड दिसते. सुरुवातीच्या लांबट, टोकदार, एका दिशेने मांडलेल्या पेशींच्या जागी मोठ्या, पसरट, कडा अस्पष्ट झालेल्या आणि आत दाणेदार दिसणाऱ्या पेशी येऊ लागतात. बीटा-गॅलॅक्टोसिडेजची चाचणी लावली की त्या निळ्या होतात, म्हणजे त्या वार्धक्यावस्थेत गेलेल्या असतात. वृद्ध दात्याच्या नमुन्यात अशा निळ्या पेशी तिसऱ्या-चौथ्या उपसंवर्धनातच (म्हणजे भरलेल्या भांड्यातून नव्या भांड्यात पेशी वाढवण्याच्या फेरीतच) डोळ्यांत भरतात; तरुणाच्या नमुन्यात त्या बऱ्याच उशिरा येतात. म्हणून वयस्क दात्याच्या पेशी वापरायच्या असतील तर त्या शक्य तितक्या कमी वाढवाव्यात, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. वाढवताना माध्यमात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, एफजीएफ-२ हा वाढघटक घातला तर पेशींची कूर्चा घडवण्याची क्षमता अधिक काळ टिकते, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कूर्चा घडवण्याची चाचणी कशी करतात ते सांगावे लागेल, कारण वादाचे मूळ त्या चाचणीतच आहे. साधारण अडीच लाख पेशी निमुळत्या तळाच्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच फिरवतात, म्हणजे त्या तळाशी एकत्र बसतात. माध्यमात रक्तद्रव घालायचा नाही. टीजीएफ-बीटा (पेशीला कूर्चा घडवण्याचा संदेश देणारे प्रथिन), डेक्सामेथासोन, क जीवनसत्त्व आणि इन्शुलिन असलेले मिश्रण घालायचे. ही पद्धत १९९८ साली प्रसिद्ध झाली आणि थोड्याफार फरकाने आजही तीच वापरली जाते. एक-दोन दिवसांत तळाशी बसलेला पेशींचा पातळ थर कडेने सुटतो, स्वतःभोवती गुंडाळला जातो आणि त्याची गोळी होते. पुढे तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलत ती सांभाळायची. चांगली जमलेली गोळी पांढरी आणि चकचकीत असते, चिमट्याने दाबली तर प्रतिकार करते, आणि तिचा काप सॅफ्रानिन-ओ रंगात बुडवला तर मध्यापासून कडेपर्यंत नारिंगी-लाल होतो. तो लाल रंग म्हणजे कूर्चेत पाणी धरून ठेवणारी प्रोटिओग्लायकेन्स. बिघडलेली गोळी लहान आणि ठिसूळ राहते, रंग फक्त कडेला चढतो आणि मधल्या पेशी मेलेल्या असतात.

वय जितके जास्त तितकी गोळी वाईट, असा सरळ संबंध दिसेल अशी तुमची अपेक्षा असेल. तसा तो दिसत नाही. प्रगत ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (सांध्याच्या झिजेच्या संधिवाताच्या) रुग्णांच्या पेशींची कूर्चा घडवण्याची क्षमता कमी असते, असे २००२ सालच्या एका अभ्यासात आढळले. २००७ साली नेदरलँड्समधील नायमेगेन येथील संशोधकांनी नेमके उलट मांडले : ही क्षमता दात्याच्या वयावर किंवा त्याच्या संधिवातावर अवलंबून नसते. २०१० साली मांडीच्या हाडातील मज्जेवर झालेल्या अभ्यासात वयाबरोबर दात्याच्या लिंगाचाही प्रभाव दिसला. प्राण्यांमध्ये चित्र अधिक स्पष्ट आहे. सशांच्या हाडावरील आवरणाची कूर्चा घडवण्याची क्षमता वयानुसार घसरते, हे २००१ मध्ये दाखवले गेले. गाईच्या गर्भाच्या, वासराच्या आणि पूर्ण वाढलेल्या जनावराच्या मज्जापेशी एकाच प्रकारच्या जेलमध्ये वाढवल्या, तेव्हा प्रौढ जनावराच्या पेशींनी सर्वांत कमी दर्जाची कूर्चा तयार केली. हे काम २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातील गटाने केले.

इतकी मतभिन्नता का, याची कारणे मला तीन दिसतात. पहिले असे की बऱ्याच जुन्या अभ्यासांत 'तरुण' म्हणजे निरोगी स्वयंसेवक आणि 'वृद्ध' म्हणजे शस्त्रक्रियेला आलेला संधिवाताचा रुग्ण, अशी तुलना असते. मग फरक वयाचा की आजाराचा, हे कळायला मार्ग उरत नाही. दुसरे कारण चाचणीच्या रचनेत आहे. प्रत्येक नळीत आम्ही मोजून सारख्याच पेशी घालतो, म्हणजे संख्येतली घट आम्ही स्वतःच्या हाताने आधीच पुसून टाकलेली असते. त्यावर टीजीएफ-बीटाची मात्रा सहसा प्रतिमिलिलिटर १० नॅनोग्रॅम असते. इतक्या जोरदार संदेशाला मंदावलेली पेशीसुद्धा प्रतिसाद देते. संदेश क्षीण असता तर ती गप्प राहिली असती, हे चाचणी दाखवतच नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. प्राण्यांच्या प्रयोगांतली मोठी घसरण ही गर्भावस्था आणि बाल्यापासून प्रौढत्वापर्यंतच्या टप्प्यात होते, आणि माणसावरचे अभ्यास बहुतेक चाळीस विरुद्ध सत्तर अशा वयांत केलेले असतात. मोठी उतरण तिथे केव्हाच संपलेली असते.

माझ्या प्रयोगशाळेतला अनुभव याच्याशी जुळतो. चाळीस ते पंचाहत्तर या पट्ट्यात दोन समवयस्क दात्यांमधला फरक हा तीस वर्षांच्या अंतराच्या फरकापेक्षा पुष्कळदा मोठा निघतो. बाटलीवरचा क्रमांक झाकून गोळ्या समोर ठेवल्या, तर दात्याचे वय ओळखण्याची पैज मी लावणार नाही. म्हणून 'अडुसष्टाव्या वर्षी मूलपेशींची क्षमता संपते' हे विधान मला मान्य नाही.

क्षमता कमी होते ती नेमकी कशामुळे, हे आता बऱ्यापैकी कळले आहे. वार्धक्यावस्थेत गेलेली पेशी नुसती गप्प बसत नाही. ती इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ हे दाहकारक रेणू आणि कूर्चेचा आधार तोडणारी विकरे (एन्झाइम) सोडत राहते, आणि शेजारच्या चांगल्या पेशींनाही बिघडवते. त्यामुळे नमुन्यात अशा पेशींचे प्रमाण थोडे असले तरी परिणाम थोडा राहत नाही. शिवाय टीजीएफ-बीटाचा संदेश पेशीत कोणत्या दाराने शिरतो, हेही वयानुसार बदलते. कूर्चापेशींमध्ये दिसले आहे की एएलके-५ नावाचे ग्राहक (पेशीवरचे संदेश झेलणारे प्रथिन, रिसेप्टर) वयाबरोबर एएलके-१ पेक्षा वेगाने घटते आणि तोच संदेश, जो आधी कूर्चा जपायला सांगत असे, तो तिचा ऱ्हास करणाऱ्या विकरांना चालना देऊ लागतो. संदेश पुरवला की काम झाले, असे गृहीत धरणाऱ्या उपचारांनी हा मुद्दा विसरू नये.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन अभ्यास इथे मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. २०२० च्या अभ्यासात उंदरांच्या सांध्याच्या पृष्ठभागावरील अस्थि-मूलपेशी वयानुसार कमी होतात असे दिसले. पण हाडाला बारीक छिद्रे पाडून त्यांना जागे करता आले, आणि बीएमपी-२ या वाढघटकासोबत, रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफला रोखणारे प्रथिन दिल्यावर त्या साध्या तंतुमय व्रणाऐवजी कूर्चेकडे वळल्या. पुढच्याच वर्षी त्याच परिसरातून आलेल्या अभ्यासात म्हाताऱ्या उंदरांच्या अस्थि-मूलपेशींची हाड आणि कूर्चा घडवण्याची शक्ती मुळातच घटलेली दिसली. इतकेच नव्हे, तर तरुण उंदराचा रक्तप्रवाह जोडूनही ती परत आली नाही. याच्या उलट, तरुण रक्तामुळे म्हाताऱ्या उंदरांचे मोडलेले हाड चांगले जुळते असे २०१५ साली टोरोंटोतील गटाने मांडले होते. दोन्ही कामे काळजीपूर्वक केलेली आहेत. मी त्यांतून इतकाच निष्कर्ष काढतो की वार्धक्याचा काही भाग पेशीच्या आत असतो आणि काही भाग तिच्या भोवताली, आणि कोणता भाग किती हे जागा आणि जखम यांनुसार बदलते.

यावरून तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. वृद्ध माणसाच्या निरोगी सांध्याची आणि संधिवात झालेल्या सांध्याची परिस्थिती एक नसते. संधिवाताच्या गुडघ्यात इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ-अल्फा यांसारखे दाहकारक रेणू असतात, आणि ते मूलपेशींना कूर्चा घडवण्यापासून थेट रोखतात. आमच्या त्या गोळीच्या माध्यमात इंटरल्यूकिन-१ थोडेसे मिसळले, की विशीतल्या दात्याच्या पेशींचा लाल रंगसुद्धा फिका पडतो. त्यात पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले असतील तर चालताना शरीराचा भार सतत सांध्याच्या आतल्या अर्ध्या भागावर येतो. तुमच्या वडिलांच्या एक्स-रेमध्ये नेमके तिथलेच अंतर कमी झाले आहे. त्या भाराखाली पडलेल्या पेशीचे वय किती आहे, याला मग फारसे महत्त्व राहत नाही.

आता कूर्चेच्या दर्जाविषयी. सांध्याची मूळ कूर्चा कोलॅजेनच्या दुसऱ्या प्रकारापासून बनते आणि आयुष्यभर कूर्चाच राहते. मज्जेतील मूलपेशींनी नळीत घडवलेली कूर्चा मात्र तीन आठवड्यांत दहाव्या प्रकारचे कोलॅजेन तयार करू लागते. हाडात रूपांतर होण्याच्या वाटेवरील कूर्चेची ती खूण आहे. अशी गोळी उंदराच्या त्वचेखाली ठेवली तर तिच्यात कॅल्शियम साचते आणि ती हाडाकडे झुकते. हा दोष म्हातारपणाचा नाही. तरुण दात्याच्या पेशीही हेच करतात, कारण मोडलेले हाड जोडताना आधी कूर्चा आणि मग हाड घडवणे हेच त्यांचे शरीरातले नेहमीचे काम आहे. सांध्याच्या आतल्या अस्तरातून घेतलेल्या पेशी या बाबतीत उजव्या ठरतात. २००१ साली बेल्जियममधील संशोधकांनी त्यांची बहुविध क्षमता दात्याच्या वयावर अवलंबून नसल्याचे नोंदवले, आणि २००५ साली जपानमध्ये मज्जा, चरबी, स्नायू, अस्थिआवरण आणि हे अस्तर यांची तुलना झाली तेव्हा कूर्चा घडवण्यात अस्तराच्या पेशी पुढे होत्या. तुमच्या वडिलांना मज्जेचाच पर्याय का सुचवला गेला, याचे उत्तर बहुधा जीवशास्त्रात नसून मज्जा काढणे सोपे आणि परिचित असते यात आहे.

एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी आधी सांगतो. २०१६ साली डेन्मार्कमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून मानवी गुडघ्यातील कोलॅजेनचे वय मोजले गेले. सांध्याच्या कूर्चेतले कोलॅजेन वाढीच्या वयात तयार होते आणि प्रौढपणी जवळजवळ बदललेच जात नाही, असे त्यातून दिसले. संधिवात झालेल्या सांध्यातही चित्र वेगळे नव्हते. म्हणजे निरोगी तिशीतल्या माणसाचे शरीरसुद्धा हे काम करत नाही. तेव्हा सुईतून सोडलेल्या पेशींनी सत्तरीच्या उंबरठ्यावर ते आपणहून करावे, ही अपेक्षा वयामुळे नव्हे तर मुळातच फार मोठी आहे.

इथवरचे एकत्र करून सांगायचे तर : वयाने पेशींची संख्या आणि दम निश्चित घटतो, कूर्चा घडवण्याची क्षमता काही प्रमाणात घटते पण संपत नाही, आणि संधिवाताच्या गुडघ्यातला खरा अडसर पेशीच्या वयापेक्षा सांध्याची अवस्था हा असतो.

रुग्णांवरील अनुभव काय सांगतो तेही पाहू. गुडघ्यातील छोट्या, एकाच जागच्या इजेवर हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील पेशी वर येऊ देण्याची पद्धत जुनी आहे. २००६ च्या एका जर्मन अभ्यासात चाळिशीच्या आतील रुग्णांना तिचा अधिक फायदा झाला. स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून बसवण्याचे तंत्र स्वीडनमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली तेव्हा चाचण्यांतील रुग्ण १८ ते ५५ वयाचे होते. हे सगळे मर्यादित इजांसाठी आहे, सगळ्या सांध्याच्या झिजेसाठी नाही. तुमच्या वडिलांना सुचवलेल्या इंजेक्शनच्या सर्वांत जवळची मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पावणेपाचशेच्या आसपास रुग्ण होते. स्वतःच्या मज्जेचे सार, स्वतःच्या चरबीतील पेशी, नाळेच्या पेशी आणि साधे स्टिरॉइडचे इंजेक्शन यांची तुलना झाली. एका वर्षानंतर वेदनेच्या बाबतीत कोणताही पेशी-उपचार स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. अनेकांना बरे वाटले होते, हे खरे; पण ते स्टिरॉइडवाल्यांनाही वाटले होते. नाळेच्या पेशी तर सर्वांत तरुण, तरीही निकाल तोच, हे वयाचा मुद्दा पुढे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दात्याचे वय बाजूला सारण्यासाठी दुसऱ्या, निरोगी दात्यांच्या पेशी वापरण्याचा मार्ग निघाला आहे. दक्षिण कोरियात नाळेच्या रक्तातील पेशींच्या उत्पादनाला २०१२ साली परवानगी मिळाली. ते शस्त्रक्रियेने इजेच्या जागी बसवतात. भारतात बंगळुरूच्या कंपनीने विकसित केलेल्या, दात्यांच्या मज्जेतील पेशींच्या 'स्टेम्प्युसेल' या उत्पादनाला २०२२ साली गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी मान्यता मिळाली. त्यांचा विचार करायचा असेल तर वेदना आणि हालचाल यांतील सुधारणा ही एक गोष्ट आणि नवी कूर्चा ही दुसरी, हा भेद डॉक्टरांशी बोलताना सोडू नका. स्वतः कॅप्लन यांनी २०१७ मध्ये लिहिले होते की सोडलेल्या पेशी ऊतक बनण्यापेक्षा औषधासारखे स्राव सोडून काम करतात. ते मान्य केले तर इंजेक्शन निरुपयोगी ठरत नाही, पण 'नवी गादी' हे वचन मात्र गळून पडते.

वृद्ध पेशी काढून टाकणाऱ्या औषधांबद्दलही तुम्ही वाचले असेल. उंदरांच्या गुडघ्यात अशा औषधाने २०१७ साली उत्तम परिणाम दिसला, मात्र त्याच औषधाची रुग्णांवरची दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०२० मध्ये अपयशी ठरली. २०२५ साली स्टॅनफर्डमधूनच आलेल्या आणखी एका अभ्यासात १५-पीजीडीएच हे विकर रोखल्यावर म्हाताऱ्या उंदरांची कूर्चा सुधारली, आणि ती मूलपेशींमुळे नव्हे, तर आधीच असलेल्या कूर्चापेशींनी वागणे बदलल्यामुळे. मला हे काम फार रोचक वाटते. पण उंदराच्या गुडघ्यातील कूर्चा मिलिमीटरच्याही अंशाइतकी पातळ असते आणि माणसाची दोन ते चार मिलिमीटर जाड, हे अंतर अनेक आशादायक प्रयोगांना ओलांडता आलेले नाही.

तुमच्या स्वतःच्या पेशी साठवण्याबद्दल माझे उत्तर 'नको' असे आहे, आणि त्याचे कारण जीवशास्त्रापुरते नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी मोठी उतरण आधीच होऊन गेलेली असते, त्यामुळे आजच्या आणि तीस वर्षांनंतरच्या तुमच्या पेशींत पडणारा फरक बहुधा तुम्हाला वाटतो त्याहून कमी असेल. पुढेमागे पेशींचे वय पुसून टाकणारे पुनर्प्रोग्रामिंगचे तंत्र किंवा दुसऱ्या दात्यांच्या तयार पेशी वापरात आल्या, तर साठवलेल्या नमुन्याची गरजच पडणार नाही. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यावसायिक साठवणुकीची मुभा फक्त नाळेच्या रक्ताला आहे. मज्जा, चरबी किंवा दातांतील पेशी पैसे घेऊन साठवण्याला नाही.

वडिलांच्या बाबतीत, त्या दवाखान्यात पुन्हा जाणार असाल तर काही गोष्टी लेखी मागा. पेशी त्याच दिवशी मज्जेतून वेगळ्या करून परत देणार की प्रयोगशाळेत वाढवणार, हे आधी विचारा. वाढवणार असतील तर कोणत्या परवान्याखाली, आणि देण्यापूर्वी जिवंत पेशी किती व वसाहती करणाऱ्या किती, हे मोजणार का. 'नवी गादी' तयार झाली हे ते कशावरून ठरवतात? उभे राहून काढलेल्या एक्स-रेवरून, एमआरआयवरून की रुग्णाच्या सांगण्यावरून? पायाचा बाक मोजला आहे का, आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम काही महिने नियमित करून पाहिला आहे का, हेही विचारा. माझ्याकडे ज्यांची मज्जा येते त्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांनी तो नेटाने केलेलाच नसतो. हा उपचार प्रायोगिक असल्याचे उत्तर आले, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंदणी क्रमांक आणि नैतिक समितीची मंजुरी मागा. वर सांगितलेल्या तत्त्वांनुसार अशा चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून एकीकडे 'संशोधन' म्हणत दुसरीकडे रकमेचे अंदाजपत्रक हातात ठेवले जात असेल, तर मज्जा काढण्याची तारीख ठरवू नका.